आधी आवाज

जुलै २०२२ मधील एका पावसाळी सकाळी नौपाड्यातील आमच्या दुरुस्तीच्या दुकानाचे शटर मी नुकतेच वर केले होते, तेव्हा कळव्याहून एक बाई आपल्या वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलाच्या हातात पांढरी काठी होती आणि पाठीवरच्या सॅकमध्ये, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत नीट गुंडाळलेला, लॅपटॉप होता. "दादा, हा बोलायचा बंद झालाय," एवढेच त्या म्हणाल्या. पुढचे सगळे मुलाने सांगितले.

तो सर्व्हर सांभाळण्याचे काम शिकत होता. ते काम बहुतेक टर्मिनलवर चालते. तिथे चित्रे नसतात, फक्त मजकूर असतो, आणि मजकूर स्क्रीन रीडर वाचून दाखवू शकतो. म्हणूनच त्याने हे क्षेत्र विचारपूर्वक निवडले होते. दोन दिवसांपूर्वी चुलत भावाने त्याच्या लॅपटॉपवर विंडोज काढून डेबियन ११ ही लिनक्स सिस्टिम टाकून दिली. इन्स्टॉलेशन शेवटपर्यंत बिनबोभाट पार पडले, पडदा उजळला आणि भावाच्या दृष्टीने काम फत्ते झाले. मुलासाठी मात्र ते यंत्र त्या क्षणापासून बंदच होते. विंडोजची, ऑल्टची आणि एसची कळ एकत्र दाबली की ओर्का हा स्क्रीन रीडर सुरू होतो, हे त्याला पाठ होते. त्याने ती जोडी कितीतरी वेळा दाबून पाहिली होती. ओर्का बहुधा दर वेळी सुरू किंवा बंद होतही असेल, पण ते कळायला काही मार्ग नव्हता.

मी लॅपटॉप सुरू केला. आवाजाच्या सेटिंगमध्ये स्पीकरच्या जागी 'डमी आउटपुट' असे लिहिलेले होते, म्हणजे सिस्टिमला एकही साउंड कार्ड सापडलेले नव्हते. वायफायही दिसत नव्हते. नेहमीच्या सवयीने मी मान खाली घालून टर्मिनल उघडले आणि कर्नलचे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे, संदेश चाळू लागलो. दहा-पंधरा मिनिटे गेली असतील. मुलगा शेजारच्या स्टुलावर शांत बसून होता. मग त्याने हळूच विचारले, "सर, काय लिहून येतंय तिथे?"

मी ती ओळ त्याला वाचून दाखवली. ०० : १एफ.३ या पत्त्यावरच्या ऑडिओ उपकरणासाठी 'एसओएफ-सीएमएल.आरआय' नावाची फर्मवेअरची, म्हणजे उपकरणाला आतून चालवणाऱ्या प्रोग्रामची, फाइल उघडता आली नाही, एरर मायनस टू. माझे वाचून संपण्याआधीच तो म्हणाला, "मायनस टू म्हणजे फाइलच जागेवर नाही. हार्डवेअर बिघडलेलं नाहीये." निदान अगदी बरोबर होते आणि ते एका वाक्याच्या ऐकीव माहितीवर केलेले होते. तेव्हा मला जाणवले की, मी गेली पंधरा मिनिटे त्याचेच यंत्र त्याच्यापासून लपवून हाताळत होतो.

इथे बिघाडाचे कारण सांगणे आवश्यक आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये कर्नल थेट साउंड चिपशी बोलत असे. अलीकडच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये, विशेषतः ज्यांत डिजिटल मायक्रोफोन बसवलेले असतात त्यांत, हे काम चिपसेटमधल्या एका वेगळ्या सिग्नल प्रोसेसरकडे सोपवले जाते आणि त्या प्रोसेसरला प्रत्येक वेळी सुरू होताना डिस्कवरून फर्मवेअर भरवावे लागते. ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो, फर्मवेअर मात्र वेगळ्या पॅकेजमधून येते. त्याचा सोर्स कोड खुला असला, तरी बहुतेक लॅपटॉपमधला प्रोसेसर इंटेलची सही असलेली तयार फाइलच स्वीकारतो. अशा फाइल डेबियन आपल्या मुख्य विभागात ठेवत नाही; त्या काळी त्या 'नॉन-फ्री' विभागात असत आणि तेव्हाच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये तो विभाग नसे. वायफायच्या फर्मवेअरची कथाही तीच होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हा नियम बदलला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ च्या इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर अधिकृतपणे सामील झाले. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये सुरुवातीलाच एस दाबून एंटर केले, तर तो प्रत्येक पायरी बोलून दाखवतो; ज्यांनी ही सोय केली त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण साउंड कार्डच जागे झाले नाही, तर ती सोय ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापर्यंतच पोचत नाही.

झटपट उपाय मला ठाऊक होता. 'एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी' या मॉड्यूलला 'डीएसपी-ड्रायव्हर' हा पर्याय १ असा दिला की कर्नल जुन्या पद्धतीने साउंड चिपशी बोलू लागते आणि स्पीकर वाजतात. मात्र अंगचा माइक मग बंदच राहतो. या मुलाचे वर्ग ऑनलाइन चालत, त्यामुळे माइक सोडून देणे मला पटले नाही.

मी खण उघडला आणि अंगठ्याएवढे एक यूएसबी साउंड कार्ड काढले. अशा कार्डाला बहुधा वेगळे फर्मवेअर लागत नाही, कर्नलमधला सर्वसामान्य यूएसबी ऑडिओ ड्रायव्हर पुरतो. ते लॅपटॉपला लावून त्यात हेडफोन खोचला आणि त्याच्या हातात दिला. त्याने ती तीन कळांची जोडी दाबली. त्याचा चेहरा बदललेला पाहून त्याच्या आईने एकदम "काय रे?" असे विचारले. "बोलतंय," तो म्हणाला.

मी खुर्ची त्याला दिली. माझ्या फोनचे इंटरनेट यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडले, एवढेच माझे काम उरले. त्याने आवाजाचा वेग इतका वाढवला की हेडफोनमधून बाहेर झिरपणाऱ्या आवाजातला एकही शब्द मला कळेना. पॅकेजे कुठून घ्यायची ते सांगणारी सोर्सेस डॉट लिस्ट ही फाइल उघडून 'मेन' या शब्दापुढे त्याने 'नॉन-फ्री' असे लिहिले, यादी ताजी केली, साउंडचे आणि वायफायचे अशी फर्मवेअरची दोन्ही पॅकेजे उतरवून घेतली आणि लॅपटॉप रीस्टार्ट केला. मी मागे उभा राहून फक्त पाहत होतो. एकदाही चूक झाली नाही.

वायफाय आले. कर्नलला साउंड कार्डही सापडले, पण स्पीकर गप्पच राहिले. मास्टर चॅनल म्यूट होता. हे मी एरवी अल्सामिक्सर या आवाज कमी-जास्त करण्याच्या प्रोग्राममध्ये उभ्या पट्ट्या बघून दुरुस्त करतो, परंतु त्या पट्ट्या कानाने समजून घेणे अवघड आहे, म्हणून त्याला ए-मिक्सरची एका ओळीची आज्ञा सांगितली. ती त्याने टंकली, आणि त्यानंतर, मी काही सांगण्याआधीच, ए-रेकॉर्डची दुसरी आज्ञा दिली: पाच सेकंद, अंगच्या माइकवरून. वाकून तो स्वतःचे नाव आणि "कळवा, ठाणे" एवढे बोलला.

"सर, आता ते कार्ड काढा," तो म्हणाला. मी यूएसबी कार्ड उपसले. त्याने एंटर दाबले आणि लॅपटॉपच्या स्पीकरमधून त्याचाच आवाज, जरासा घोगरा पण स्पष्ट, दुकानभर ऐकू आला. आईने पर्स उघडत किती झाले असे विचारले, तेव्हा तो ती फाइल दुसऱ्यांदा लावत होता.