अलार्म 'गो ऑफ' झाला म्हणजे वाजला की बंद पडला?

परवा भाचीला इंग्रजीचा धडा समजावत होते, दहावीचं वर्ष आहे तिचं. वाक्य होतं 'द अलार्म वेंट ऑफ ॲट सिक्स' आणि तिने वहीत लिहिलं, सहा वाजता अलार्म बंद पडला. मी म्हटलं अगं वाजला, तर ती म्हणे मावशी, ऑफ म्हणजे बंदच ना, पंख्याच्या बटणावर लिहिलंय की! आणि खरंच, लाइट गो ऑफ झाले की अंधारच होतो, त्यामुळे तिचं काय चुकलं सांगा.

बॉम्ब गो ऑफ झाला की फुटतो, दूध गो ऑफ झालं की नासतं (हे ब्रिटिश लोक जास्त म्हणतात), आणि एखादा पदार्थ आवडेनासा झाला तरी गो ऑफच. मला यातली मेख अशी वाटते की 'गो ऑफ'मधला ऑफ आणि 'ऑफ द टेबल' (टेबलावरून दूर) मधला ऑफ एकच, जुन्या इंग्रजीत ऑफ (off) आणि ऑव्ह (of) हा मुळात एकच शब्द होता, 'पासून, दूर' अशा अर्थाचा. म्हणजे होती त्या स्थितीपासून वस्तू सुटली, शांत घड्याळ वाजायला लागलं, पेटलेला दिवा विझला, चांगलं दूध बिघडलं.

मग तिला आपलं 'लागणं' दाखवलं. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, डोळा लागतो. गाडी फलाटाला लागते आणि घाटात पोटातलं ढवळलं तरी गाडीच लागते! ती दोन मिनिटं गप्प बसली, मग वहीत 'बंद पडला' खोडून 'वाजला' लिहिलं.