दिवाणजींचा पासवर्ड आणि बोनसची शीट

दिवाळीच्या तोंडावर आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना येणारे फोन बहुतेक टॅलीचे नाहीतर प्रिंटरचे असतात, पण हा फोन सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून आला आणि मालक स्वतःच लाईनवर, "ओ सर, बोनसची एक्सेल शीट लॉक हाय, लगेच या की."

भानगड अशी की त्यांचे जुने दिवाणजी रिटायर होऊन मुलीकडं हैदराबादला गेलेले. सगळं समजावून गेले, पासवर्ड तेवढा राहिला. कायद्यानं बोनस कमीत कमी ८.३३ टक्के, त्याच्या वर बोलणी होऊन ठरेल ते, आणि यंदाचा ठरलेला टक्का टाकायचा तर ती सेलच लॉक. फॉर्म्युलेपण हिडन, म्हणजे कोणाची उचल कुठं वजा होते, खाडे कसे धरलेत, काहीच दिसेना. दिवाणजींना फोन लावला तर आठवतील तसे पासवर्ड सांगत गेले, देवाचं नाव, नातवाचं नाव, कॅपिटल-स्मॉल सगळं करून बघितलं, एकही लागेना. वर म्हणतात कसे, "कुणी हात लावू नये म्हणूनच तर लावलोतो मी."

मी मालकांना म्हटलं, फाईल तुमची, तुम्ही शेजारी बसा, मी काढतो. (हा माझा नियमच आहे, नोकरी सोडलेला पोरगा पेन ड्राइव्हवर पगाराची शीट घेऊन आला तर मी हात लावत नाही.) आधी कॉपी काढली. एक्सेलची एक्सएलएसएक्स फाईल ही मुळात झिपच असते, म्हणजे बऱ्याच फाईलींचं एक गाठोडं, ते सेव्हन-झिप या सॉफ्टवेअरनं उघडलं, आतली त्या शीटची एक्सएमएल, म्हणजे साध्या अक्षरांतली फाईल, नोटपॅडमध्ये घेतली, शीटप्रोटेक्शन नावाचा टॅग शोधून पुसला, सेव्ह. चहा यायच्या आत शीट मोकळी. पासवर्ड काय होता ते कळलंच नाही. एक्सेल २०१३ पासून त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरनं मूळ पासवर्ड ओळखता येत नाही असा ठसा, एसएचए-५१२ या पद्धतीनं करतात, तोपण लाख वेळा फिरवून, पण टॅगच उडवल्यावर त्या हॅशला विचारतंय कोण! जुन्या एक्सएलएस फाईलीत तर अजून गंमत, हॅश इतका बारका की १,९४,५६० कॉम्बिनेशनवाला मॅक्रो फिरवला की खरा नसलेला पासवर्डपण चालून जायचा.

मालक खूश व्हायचे सोडून गपच झाले. "म्हणजे कुणीबी काढू शकतंय?"

हो, कुणीबी. मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं की शीट प्रोटेक्शन हे सिक्युरिटीसाठी नाहीच. 'रंग ओला आहे' अशी पाटी असते ना, तेवढंच ते.

तेवढ्यात ऑफिसातल्या पोरीनं टक्का टाकला, खाली स्क्रोल करता करता कुठंतरी स्पेसबार दाबून एंटर मारला आणि एका कामगाराचा बोनस गायब, टोटल खाली. "अय्यो!" कंट्रोल झेडनं आलं परत, पण दिवाणजी लॉक का लावायचे ते तिथंच सगळ्यांना कळलं. म्हणून मी टक्का, हजेरी, उचल एवढ्या सेलची लॉक्डची टिक काढली आणि बाकी शीट पुन्हा प्रोटेक्ट केली, पासवर्ड न टाकता. तसंही करता येतं, बऱ्याच जणांना माहीतच नसतं. चुकून धक्का लागत नाही, आणि ज्याला खरंच काढायचंय तो रिव्ह्यूमध्ये जाऊन जाणूनबुजून काढतो. माझ्या मते शीटचं लॉक मालकाला सरळ बटणानं काढता यायला पाहिजे, फक्त कुणी कधी काढलं त्याची नोंद राहावी. ते टॅग शोधायचं नाटक कशाला?

मालकांना आता चटक लागली, सूतवाल्यांच्या उधारीची फाईल पुढं केली, "ह्याचंपण टॅग काढा की." पण ही उघडतानाच पासवर्ड मागत होती. ते एन्क्रिप्शन, म्हणजे एईएस पद्धतीनं अख्खी फाईलच कुलूपबंद. सेव्हन-झिपमध्ये टाकली तर टॅग-बिग काही नाही, नुसता गिचमिड डेटा. आणि हा पासवर्ड विसरला तर मायक्रोसॉफ्टपण काढून देत नाही. मालक तापले, "एवढे पैसे देऊन घेतलो, आन् मालकालाच उघडत नाही?" मी म्हटलं, उघडू नयेच, तुमच्यासाठी मागचं दार ठेवलं तर ते त्या पेन ड्राइव्हवाल्या पोरालापण सापडणार ना.

त्यांना काही पटलं नाही. सूतवाल्यांकडनं खातेउतारे मागवा म्हणून सांगितलं, जीएसटीत भरलेली बिलं पोर्टलवर टू-बीमध्ये, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांच्या यादीत, दिसतीलच. पोरगी लागली फोन लावायला, मी व्हिजिटचं बिल केलं, आणि मालकांनी त्यातनंपण दोनशे कमी केले.