चिंच न लावलेला तांब्या

देवघरातला गडू चार दिवस घासला नाही की आधी तपकिरी पडतो, मग काळपट. पाणी साचून राहिलं तर कडेला हिरवं पूटही धरतो. मग चिंच आणि मीठ निघतं. आम्लात पूट विरघळतं, गुलाबी तांबं वर येतं आणि घासणाऱ्याला धन्य वाटतं. मात्र ते पूट तांब्याचंच असतं. दर घासणीला भांडं केसभर झिजतं. जुन्या हंड्याचं बूड पातळ झालेलं असतं, त्यात चिंचेचाही हात असतो.

न्यूयॉर्कच्या बंदरातल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याला कुणी चिंच लावली नाही. 28 ऑक्टोबर 1886 ला अनावरण झालं तेव्हा तो नव्या घागरीसारखा लालसर होता. पुढे तपकिरी झाला, आणि 1906 च्या सुमारास हिरवा दिसू लागला तेव्हा सरकारला वाटलं, रंगवून टाकावा. लोकांनी ओरड केली आणि रंग फक्त आतून लागला. बाहेरचं हिरवेपण वाचलं हे बरंच झालं. कोळशाच्या धुरातलं गंधक आणि समुद्राची दमट हवा यांनी तयार झालेलं ते पूट तांब्याला घट्ट चिकटून बसतं आणि खालच्या धातूला हवा लागू देत नाही. मुळात पत्रा 2.4 मिलिमीटर जाडीचा, आणि शंभर वर्षांत त्यातला झिजला जेमतेम 0.13 मिलिमीटर.

दुखणं आत होतं. लाकडी साच्यांवर ठोकून घडवलेले हे पत्रे स्वतःच्या बळावर उभे राहत नाहीत. मधोमध आयफेलने उभा केलेला लोखंडी मनोरा आहे. पत्र्याच्या आतल्या अंगाला, त्याच्या प्रत्येक वळणाप्रमाणे वाकवलेल्या घडीव लोखंडाच्या पट्ट्या आहेत, अठराशेच्या घरात. या पट्ट्या पत्र्याला थेट रिव्हेट मारून जोडलेल्या नव्हत्या. पट्टीवर तांब्याचं खोगीर घालायचं आणि त्या खोगिराच्या दोन्ही कडा पत्र्याला रिव्हेटने पक्क्या करायच्या. पट्टी खोगिरात सरकती राहते, त्यामुळे उन्हाने तांबं फुगलं किंवा वाऱ्याने पुतळा सात-आठ सेंटीमीटर डोलला तरी पत्रा फाटत नाही. या खोगिराला माझ्या मते पुतळ्याच्या चेहऱ्याइतकाच मान मिळायला हवा.

तांबं आणि लोखंड खाऱ्या ओलीत एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी होते, आणि तीत नेहमी लोखंडाचाच बळी जातो. बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मध्ये लाखेत भिजवलेलं ॲस्बेस्टॉसचं कापड घातलं. ते कालांतराने झिजलं, आणि उरलेल्या चिंध्या ओल धरून बसल्या. लोखंड गंजलं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. पट्टी खोगिरात फुगली, सरकेनाशी झाली, आणि तिने रिव्हेट पत्र्यातून उपटून काढले. त्या भोकांतून पाऊस आत, पावसाने आणखी गंज.

1984 ते 86 च्या दुरुस्तीत पट्ट्या थोड्या थोड्या करून काढल्या, कारण एकदम काढल्या असत्या तर पत्र्याचा आकारच गेला असता. जुनीबरहुकूम नवी वाकवायची आणि लगेच जागेवर बसवायची. नव्या पट्ट्या 316एल जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या. वाकवलेलं स्टील आतून ताठरतं, म्हणून प्रत्येक पट्टी हजार अंशांच्या पुढे तापवून झटकन पाण्यात विझवली. पट्टी आणि तांबं यांच्यामध्ये टेफ्लॉनची टेप.

आतला जुना रंग द्रवरूप नायट्रोजनने गोठवून पापुद्र्यांसारखा उतरवला. त्याखालचं डांबर मात्र हटेना. वाळूचा मारा केला असता तर मऊ तांबं ओरखडलं असतं. शेवटी कामाला आला खाण्याचा सोडा, ढोकळ्यात घालतो तोच, हवेच्या दाबाने फवारलेला. डांबर निघालं, तांबं शाबूत राहिलं. फक्त सोडा सांध्यांतून बाहेर झिरपला आणि हिरव्या पुटावर डाग पाडू लागला, म्हणून बाहेरून पाण्याने धुणं आलं. वरची मशाल तर बदलावीच लागली. 1916 मध्ये दिव्यांसाठी तिच्या ज्योतीत काचा बसवल्या होत्या आणि तेव्हापासून ती गळत होती. नवी ज्योत सोन्याच्या वर्खाने मढवली आहे.

गिझरच्या तांब्याच्या नळीला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप जोडताना प्लंबर आट्यांवर पांढरी टेप गुंडाळतो, तीही टेफ्लॉनचीच. पण ती गळती थांबवते, बॅटरी नाही. घट्ट पिळताना आटे टेप कापून धातूला धातू टेकवतात, आणि काही वर्षांत जीआयचा पाइप नेमका सांध्यापाशी कुजतो. दोन पाइपांच्या मध्ये धातूला धातू टेकू न देणारा युनियन, म्हणजे जोडतुकडा, बसवायला सांगायचं. प्लंबर कुरकुरेल, तरी बसवून घ्यायचा.