वजन जास्त, बजेट कमी आणि रोड बाईक घ्यायचीय

पंधरा वर्षांनी परत सायकल घ्यायचं ठरवलं तेव्हा माझं वजन १०८ किलो होतं. कॉलेजात असताना रोज चालवायचो, तेव्हा ७० च्या आसपास होतो, आणि मनात रोड बाईकचं चित्र तेव्हाचंच होतं, बारीक टायर, हलकी फ्रेम, खाली वाकलेलं हँडल. मी सायकल घेतली ती त्या ७० किलोवाल्या मुलासाठी, आणि चालवायला लागलो मी. पुढचे चार महिने जे झालं ते सगळं यातूनच झालं, म्हणून सविस्तर लिहितोय, कारण परत सुरुवात करणाऱ्या बऱ्याच जणांचं नेमकं इथेच चुकतं असं मला वाटतं.

दुकानात गेलो की पहिल्यांदा काय करतो आपण, सायकल उचलून बघतो. दुकानदार पण म्हणतो, उचलून बघा साहेब, कसली हलकी आहे. मी पण उचलली आणि तिथेच ठरवून टाकलं. मागच्या चाकाला २४ स्पोक, २५ मिमी टायर, मागे सगळ्यात मोठा गिअर २८ दातांचा. यातलं काहीही मी विचारलं नाही, फक्त वजन विचारलं, ते पण सायकलचं.

तिसऱ्या आठवड्यात एका छोट्याशा चढावर उभा राहून पेडल मारत होतो आणि मागून टण्ण असा आवाज आला. वाटलं दगड उडाला असेल. पण लगेच मागचं चाक ब्रेकला घासायला लागलं, प्रत्येक फेरीत एकदा, घस्स, घस्स. उतरून बघितलं तर एक स्पोक हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापाशी, तुटून लोंबत होता आणि चाक आउट, म्हणजे वाकडं, झालेलं. ब्रेकची छोटी खिटी उघडून पॅड लांब केले, तुटका स्पोक शेजारच्याला गुंडाळला आणि हळूहळू घरी आलो. तो बदलला, दहा दिवसांनी दुसरा गेला, मग तिसरा. दुकानातून एकच उत्तर, तुमचं वजन जास्त आहे, असं होणारच.

हे उत्तर अर्धवट आहे हे मला एका जुन्या मेकॅनिक काकांनी दाखवलं. त्यांनी तुटलेला स्पोक बोटात धरला, जिथे तो हबच्या भोकातून वाकून बाहेर येतो ना, तो कोपरा, तिथेच तुटला होता. उजेडात धरून म्हणाले, हे बघ, तुटलेल्या जागेचा अर्धा भाग गुळगुळीत आहे आणि अर्धा खरखरीत, म्हणजे हा जोराने नाही तुटलेला, हलून हलून तुटलाय. मग मला म्हणाले, आता चाकाच्या तारा वाजवून बघ. मी सतारीसारखं एकेक स्पोकला बोट लावत गेलो. उजव्या बाजूचे टिंग टिंग, डावीकडचे काही थड्ड, काहींना तर आवाजच नाही. तेच सैल स्पोक तुटत होते.

हे एकदा कळलं की सायकलकडे बघायची नजरच बदलते म्हणून नीट सांगतो. चाक जमिनीला टेकतं तिथे खालच्या दोन-चार स्पोकचा ताण क्षणभर कमी होतो आणि चाक पुढे गेलं की परत येतो. म्हणजे प्रत्येक फेरीत प्रत्येक स्पोक एकदा ढिला होऊन परत ताणला जातो. रोड बाईकचं चाक एका फेरीत साधारण २.१ मीटर जातं, म्हणजे किलोमीटरला ४७५ फेऱ्या, हजार किलोमीटरला पावणेपाच लाख. स्पोक आधीच घट्ट असेल तर थोडा ताण कमी झाल्याने त्याला काही होत नाही, पण मुळातच सैल असेल तर तो दर फेरीला पूर्ण ढिला पडतो, कोपऱ्यात हलतो, आणि एखादी तार आपण वाकवून वाकवून तोडतो तसा तुटतो. वजन जास्त असेल तर ढिला पडायचं प्रमाण वाढतं हे खरंच आहे, पण मूळ दोष मशिनवर घाईत बांधलेल्या, असमान ताणाच्या चाकाचा. त्यात मागच्या चाकाला उजवीकडे गिअर बसवायचे म्हणून हब मध्यावरून सरकवलेला असतो, त्यामुळे उजवे स्पोक घट्ट आणि डावे सैल हे मुळातच येतं, आणि आपलं जास्त वजनही मागच्याच चाकावर.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, वजन जास्त असेल आणि पैसे मोजके असतील तर सगळ्यात आधी मागचं चाक बघा, बाकी सगळं नंतर.

मागे ३२ स्पोक हवेत, ३६ मिळाले तर उत्तमच, निदान २८ आणि तेही चांगले ताणलेले. २० किंवा २४ स्पोकच्या चाकाची स्वस्त सायकल दिसायला झकास असते, पण १०० किलोच्या वर असाल तर तिच्या नादी लागू नका. पुढच्या चाकाला थोडं कमी चालतं. आणि नवीन सायकल घेतली तरी चाकं एखाद्या जाणत्या माणसाकडून एकदा ताणून घ्या, ३००-४०० किलोमीटर झाल्यावर परत एकदा दाखवा. माझ्या मते कुठल्याही भारी पार्टपेक्षा या कामाचा उपयोग जास्त आहे.

चाक बघताना अजून एक गोष्ट, गिअरचा गठ्ठा फ्रीव्हीलचा आहे की कॅसेटचा. अगदी स्वस्त ७ गिअरवाल्या सायकलींना बऱ्याचदा फ्रीव्हील असतं, म्हणजे गिअर हबवर आट्याने बसतात आणि उजवीकडचं बेअरिंग आत राहतं, त्यामुळे एक्सलचं, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचं, उजवं टोक लांबवर बिनआधाराचं राहतं. वजनाने ते वाकतं आणि कधी मोडतंही. कॅसेटवाल्या हबमध्ये बेअरिंग बाहेर टोकाशी असतं, म्हणून एक्सलला आधार मिळतो. सायकलचे पार्ट बनवणाऱ्या शिमानोने ही फ्रीहबची, म्हणजे कॅसेटवाल्या हबची, पद्धत १९७८ मध्ये आणली, त्यामुळे ही काही महागातली नवी गोष्ट नाही. शिमानोच्या ८ गिअरच्या क्लॅरिस सेटपासून पुढे रोड बाईकला बहुतेक कॅसेटच येते, आणि बजेटमधे बघायचं तर क्लॅरिस किंवा ९ गिअरची सोरा पुरेशी आहे. मी दोन्ही चालवल्यात, ठामपणे सांगतो, १० किंवा ११ गिअरच्या मागे लागून चाकावरचे पैसे कमी करू नका.

टायर. माझ्या पहिल्या सायकलवर २५ मिमी होते आणि एवढ्या वजनाला हवा इतकी टाइट भरावी लागायची की खडबडीत रस्त्यावर हात बधिर व्हायचे. हवा कमी केली की खड्ड्यात ट्यूब रिमवर चेंगरायची, शेजारी शेजारी दोन भोकं, सापाने दंश केल्यासारखी. २८ मिमी हे कमीत कमी, ३२ असेल तर फारच छान. आता मी ३२ मिमीला मागे ७८ आणि पुढे ६८ पीएसआय ठेवतो, पंक्चर जवळपास बंद झालेत, आणि जाड टायरने स्पीड जातो ही भीती माझ्यापुरती तरी खोटी निघाली. पण हे टायर बसायला फ्रेममधे जागा हवी! माझ्या पहिल्या फ्रेममधे २८ च्या पुढे जाताच येत नव्हतं, त्यामुळे चांगलं चाक बांधून घेऊनही शेवटी ती विकावी लागली. सायकल बघायला गेलात की फ्रेमला जास्तीत जास्त किती मिमी टायर बसतो हे आधी विचारा. रिम हुकलेस, म्हणजे टायर धरून ठेवणारी आतली कड नसलेली, असेल तर त्यावर ५ बार म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर हवा भरता येत नाही, आपल्या वजनाला बारीक टायर असेल तर ते कमी पडू शकतं, म्हणून साधी हुकवाली रिम बरी. आणि गेजवाला उभा पंप लगेच घ्या, अंगठ्याने दाबून हवा बघायची सवय आपल्याला परवडत नाही.

आता हलकेपणाचं बोलू, कारण याच्यावरच सगळ्यात जास्त पैसे उडतात. मी १०८ आणि सायकल १० म्हणजे एकूण ११८ किलो. दोन किलो हलकी सायकल घेतली तर फरक पावणेदोन टक्क्यांच्याही आत. अर्ध्या तासाच्या चढावर फार तर अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटासाठी बजेटचा मोठा भाग जातो, आणि बऱ्याचदा ते दोन किलो कमी केलेले असतात चाकातून आणि टायरमधून, म्हणजे नेमकं जिथे आपल्याला मजबुती हवी तिथून.

चढावर खरा फरक गिअर पाडतो. पुढे ३४ मागे २८ असा गिअर असेल आणि मिनिटाला ७० वेळा पाय फिरवायचे तर ताशी साधारण १०.७ किलोमीटरचा वेग ठेवावा लागतो, ६ टक्के चढावर ११८ किलो वर न्यायलाच त्यात २०० वॅटच्या वर जातात. मागे ३४ घातला तर त्याच पायांच्या वेगाला ८.८ किलोमीटर, आणि लागणारी ताकद १७० च्या आसपास. वाचायला ३५ वॅट काही वाटत नाही पण एक जण चढ पूर्ण करून वर पोचतो आणि दुसरा अर्ध्यात उतरून ढकलतो त्यातला हा फरक आहे, मी दोन्ही केलंय. गिअर जड असला की आपण पाय हळू फिरवतो, प्रत्येक स्ट्रोकला गुडघ्यावर जास्त लोड येतो, आणि इतक्या वर्षांनी परत आलेल्या माणसाचे गुडघे आधी बोलतात. त्यामुळे पुढे ५०/३४, म्हणजे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या, आणि मागे ३२ किंवा ३४ पर्यंतची कॅसेट बघा, पुढे तीन चकत्यांची जुनी सायकल मिळाली ३० दातांवाली तर तीही मस्त, लोक उगाच नाकं मुरडतात तिला.

ब्रेकचं थोडक्यात. ताशी ४० वर ११८ किलो थांबवायला ८० किलोच्या जवळजवळ दीडपट ऊर्जा जिरवावी लागते. चांगले रिम ब्रेक पण थांबवतात, पॅड चांगले टाका, पण रिम झिजते आणि लांब उतारावर तापते. डिस्क परवडत असेल तर घ्या, केबलवाली पण चालेल, फक्त पॅड वेळच्या वेळी जवळ आणत राहावे लागतात. डिस्कचा अजून एक फायदा म्हणजे चाक थोडं आउट झालं तरी ब्रेकला घासत नाही, रस्त्यात स्पोक तुटला तरी घरी येता येतं.

फ्रेम अॅल्युमिनियमची असो की स्टीलची, चांगली बनवलेली कुठलीही चालते, यावर मी जास्त डोकं लावलं नाही. एक मात्र करा, कंपनीच्या मॅन्युअलमधे वजनाची मर्यादा दिलेली असते ती वाचा, आणि ती नुसती तुमची आहे की सायकल आणि सामान धरून एकूण आहे ते नीट बघा. कार्बनचा सीटपोस्ट किंवा हँडल असेल तर त्याची मर्यादा वेगळी असू शकते. साधा अॅल्युमिनियमचा घ्या, विषय संपला.

बसण्याची पोझिशन मात्र महत्त्वाची. पोट असेल तर फार खाली वाकल्यावर मांडी पोटाला लागते, श्वास अडतो आणि गुडघे बाहेर फेकले जातात. जॉमेट्रीच्या तक्त्यात स्टॅक नावाचा आकडा असतो, तो जास्त म्हणजे हँडल वर. एकाच साइझच्या रेसिंगच्या आणि लांब पल्ल्याच्या सायकलीत तो बऱ्यापैकी वेगळा असतो, आपण लांब पल्ल्यावालीच बघायची. दुकानात एक चक्कर मारून परत येऊ नका, निदान वीस मिनिटं चालवा, खालच्या हँडलला धरून पण. सीट मऊ जेलची घ्यायचा मोह होतो, मी पण घेतली होती, तासाभरात त्यात बूड रुततं आणि नको तिथे दाब येतो. आपल्या बैठकीच्या हाडांच्या रुंदीची, जरा कडकच सीट आणि पॅडवाली शॉर्ट हे जमतं. पहिले दोन आठवडे दुखेल, मग नाही.

दुसरी सायकल मी जुनीच घेतली, सोरा, ३२ स्पोक, मागे ३४ दात, फ्रेममधे ३५ मिमी टायरची जागा. घेताना फ्रेमचे सगळे जोड कपड्याने पुसून उजेडात बघितले, मुख्यतः हँडलखालचा जोड आणि खालच्या नळीचा पुढचा भाग, तिथे रंगात बारीक रेघ दिसली तर पुढे जायचं नाही. सीटपोस्ट हलतोय का बघितलं, चेन किती झिजलीय ते मोजलं, मागचं चाक उचलून फिरवलं आणि एक्सलचं टोक डुगडुगतंय का ते बघितलं. मालक गडबडीत होता तरी मी प्रत्येक स्पोकला बोट लावलं. चार सैल निघाले, तेवढ्यावरून भाव थोडा कमी करून घेतला आणि चाक सरळ काकांकडे नेलं. ते बदलायची गरज नव्हती, त्यांनी सगळ्या तारा एकसारख्या ताणल्या, मग दोन दोन जवळच्या तारा मुठीत धरून जोरात दाबल्या, कट्ट कट्ट आवाज आला, परत आउट काढली, परत दाबल्या, असं तीन वेळा, कट्ट आवाज बंद होईपर्यंत.

त्यावर आता ३,२०० किलोमीटर झालेत. वजन १०१ आहे. एकही स्पोक तुटलेला नाही, रविवारी साफसफाई करताना मी अजून सगळ्यांना बोट लावून आवाज ऐकतो, मागच्या महिन्यात डावीकडचा एक जरा खाली बोलत होता, चावीने पाव आटा दिला.