सहाव्या मात्रेवरचं वजन

मृग लागला, पेरणी बाकी

उन्हाळ्यात रियाज बंद नव्हता, पण कातड्यानं छळलं. आर्वीकडच्या आमच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की बोकडाच्या कातड्याची खंजिरी एवढी ताणते, की थाप मारली की टिनावर गारा पडल्यासारखा आवाज येतो. कर्नाटक संगीतातली खंजिरी म्हणजे कंजिरा, ती वाजवणारे कातड्याच्या आतल्या बाजूनं ओला हात फिरवतात. त्यानं सूर उतरतो आणि खालचा 'धुम्' भरीव येतो. मीही तेच केलं. पण आमच्याकडे एक भजन संपायच्या आत कातडं परत ठणठणीत कोरडं. मग पहिला पाऊस आला आणि एका रात्रीत तीच खंजिरी पापडासारखी सादळली. आता ती चुलीच्या धगीवर शेकतो. बायको म्हणते, भाकरी आधी की हे आधी ते ठरवा.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी तीन एकरांचा कास्तकार. वडील मंडळात खंजिरी वाजवायचे, म्हणून मीही वाजवतो. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे तुकडोजी महाराजांची मोझरी, म्हणजे इथे खंजिरी कुणाला शिकवावी लागत नाही, ती कानावर पडूनच येते. दीड वर्षापूर्वी फोनवर व्ही. सेल्वगणेश यांची कंजिरा ऐकली आणि माझी झोप उडाली. जॉन मॅक्लॉफ्लिन, झाकीर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती' या फ्यूजन गटात वाजवणारा हा माणूस, घटमवाले विक्कू विनायकराम यांचा मुलगा. २०२४ साली 'शक्ती'ला ग्रॅमी मिळालं तेव्हा आमच्या पारावर त्याची बातमी सांगणारा मी एकटाच होतो, आणि ऐकणारंही कुणी नव्हतं. त्यानंतर अरबी रिक ऐकलं, ब्राझीलचा पांदेइरो ऐकला. सगळ्यांचा सांगाडा एकच, लाकडी कडं, एका बाजूला कातडं आणि कड्यात चकत्या. वाजवणारा हात मात्र प्रत्येकाचा वेगळा.

ठरवलंय ते एवढंच: यंदाच्या कोजागिरीला मंदिरासमोर दहा मिनिटं. पेटीवर निवृत्त गुरुजी, तबल्यावर त्यांचा नातू (गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतो) आणि मी. गाणार बुवा. बुवांना हे अजून सांगितलेलं नाही.

सरकी काढलेला कापूस

आपल्या भजनी खंजिरीचा मोठा त्रास म्हणजे तिचा छनछनाट. भजनात तो हवाच, वीस माणसं टाळ्या वाजवत असली की चकत्यांशिवाय खंजिरी ऐकूच येत नाही. पण कंजिराला कड्यात एकच खाच, तिच्यात दोन-तीन नाणी, बस्स. तिथे सगळी करामत कातड्यावर असते. डाव्या हातानं कडं धरायचं आणि त्याच हाताच्या बोटांनी काठाजवळ कातडं दाबून सूर वरखाली खेचायचा. उजव्या हाताचा तळवा आणि बोटं आळीपाळीनं पडतात, म्हणून एकाच हातातून दोन हातांची लय निघते.

तेव्हा मी घरच्या कापसाचे बोळे करून खंजिरीच्या चार खाचांत कोंबले आणि एक मोकळी ठेवली. फुकटात कंजिरा. बोळे सुटू नयेत म्हणून वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी. ज्यांना हा उद्योग करायचाय त्यांनी सरकी काढूनच कापूस भरावा. मी घाईत तसाच भरला होता आणि दोन दिवसांनी उंदरांनी पट्टीसकट कुरतडला.

कातड्याबद्दल एक. कंजिराचं जुनं कातडं घोरपडीचं. घोरपड १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. गावात कुणी 'आणून देतो' म्हणालं तर हात जोडा. बोकडाचं कातडं किंवा प्लास्टिकची फिल्म पुरते.

रिकला पाच खिडक्या, प्रत्येकीत चकत्यांच्या दोन जोड्या, म्हणजे दहा जोड्या. पूर्वी माशाचं कातडं चढवत. तिथे बोटं चकत्यांवरही वाजतात, कातड्यावर तर वाजतातच. त्यासाठी बोळे परत काढले. आठवडाभर काढ-घाल केल्यावर कंटाळून बाजारातून दुसरी स्वस्त खंजिरी आणली. आता एक मुकी आणि एक बोलकी.

आठाची मजा, दहाचा घोळ

आठ मात्रांत काही अडचण नाही. अरबी मक्सूम हा ताल, 'दुम तक ऽ तक दुम ऽ तक ऽ' (दुम म्हणजे जड थाप, तक हलकी, ऽ म्हणजे रिकामी मात्रा), आपल्या केरव्यावर अलगद बसतो, पहिल्याच दिवशी जमलं. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

मला भूल पडली ती दहाची. अरबी आणि तुर्की वाद्यसंगीतात समाई नावाचा एक रचनाप्रकार आहे. त्याला चार कडवी, त्यांना 'खाना' म्हणतात, आणि प्रत्येक खान्यानंतर परत येणारा 'तस्लीम'. हे गुरुजींना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "म्हणजे धृपद. कडवं झालं की धृपद." यापेक्षा सोपं मलाही कुणी समजावलं नव्हतं. समाईचे पहिले तीन खाने आणि तस्लीम दहा मात्रांत चालतात, चौथ्या खान्यात बहुतेकदा लय बदलून तीनाची होते. त्या दहा मात्रा अशा:

दुम ऽ ऽ तक ऽ दुम दुम तक ऽ ऽ

आणि आपला झपताल: धी ना | धी धी ना | ती ना | धी धी ना.

मी कागदावर एकाखाली एक मांडले. समाईची फोड ३-२-२-३, झपतालाची २-३-२-३. मागच्या पाच मात्रा तर अगदी सारख्याच, दोन आणि तीन! फरक फक्त पुढच्या पाचांत. मला वाटलं खजिनाच हाती लागला. रात्री अकरा वाजता लाईन गेलेली असताना मी अंधारात समाई वाजवत होतो आणि तोंडानं झपताल म्हणत होतो. जमतही होतं. पोरगी उठून पाणी पिऊन परत झोपली, काही बोलली नाही.

पोळा झाला, बुवांना सांगितलं

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी पारावर बसून बुवांना ऐकवलं. नातवानं मध्य लयीत झपताल धरला, गुरुजींनी पेटीवर साधा सूर दिला, मी समाई सुरू केली. पाच-सहा आवर्तनं झाली. बुवा डोळे मिटून हातावर ताल मोजत होते. एकदम हात थांबवला.

"सहाव्यावर वजन काहून टाकून रायला बापा?"

मी म्हटलं, बुवा, तिथे दुम आहे.

"तिथं खाली हाये. थो पोट्टा ती लावते, मी हात उलटा करतो, अन् तू तिथं लागोपाठ दोन धपके मारतं. मले समच समजून नाही रायली."

कागदावर बरोबर आणि कानाला चूक, असा तो प्रकार होता. झपतालात सहावी मात्रा खाली. तबल्याचा डग्गा तिथे गप्प होतो, 'धी'चं 'ती' होतं, गाणाऱ्याला कळतं की अर्धा रस्ता झाला, आता सम, म्हणजे पहिली मात्रा, येणार. समाईत नेमक्या त्याच जागी, सहाव्या-सातव्यावर, सगळ्यात जड जोडी पडते. आकडे जुळले होते, पण एकीकडे जिथे जमीन काढून घेतात तिथेच दुसरीकडे खांब रोवतात. मी दोन महिने एकट्यानं वाजवलं म्हणून लक्षात आलं नाही. गाणारा माणूस समोर नसला की हे कळत नाही, हे ज्यांना हेडफोनमध्ये फ्यूजन बसवायची सवय आहे त्यांना मुद्दाम सांगतो.

मंडळातल्या एकानं 'हे परदेशी कशाले' असंही विचारलं. त्याला बुवांनीच उत्तर दिलं, की तुकडोजी महाराज १९५५ साली खंजिरी घेऊन जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले होते. तो विषय तिथेच मिटला. सहाव्या मात्रेचा मात्र मिटला नाही.

नवरात्राआधीचे प्रयोग

पहिला प्रयोग: समाई सहाव्या मात्रेपासून सुरू करून पाहिली. मग फोड २-३-३-२ होते, पुढच्या पाच मात्रा झपतालाशी जुळतात, पण खालीच्या जागी आता समाईची स्वतःची सम येऊन बसते. आणखी वाईट. टाकून दिला.

दुसरा: नातवाला म्हटलं तू झपताल सोड आणि फक्त दहा मोज. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला तबला विकायला सांगितला.

तिसरा टिकला. गाणं चालू असताना सहाव्या-सातव्यावरचे दोन्ही 'दुम' मी कातड्यावर मारतच नाही. बोलक्या खंजिरीच्या चकत्यांवर बोटानं दोन हलके छन देतो, रिकवाले देतात तसे. चाल समाईची ओळखू येते, वजन मात्र निघून जातं. गाणं थांबून पेटी एकटी धृपद वाजवते तेव्हा नातू हात आवरतो आणि मी पूर्ण समाई, दोन्ही दुमांसकट, मोकळी सोडतो. बुवा पुन्हा उचलतात तेव्हा दुम परत चकत्यांत.

या दोहोंमधला सांधा तिहाईनं, म्हणजे एकच बोल तीनदा म्हणून समेवर येण्यानं, केला. कोन्नकोलमधला, म्हणजे कर्नाटक संगीतातल्या तोंडानं म्हणायच्या तालबोलांतला, सातचा बोल घेतला: ता ऽ धी ऽ गि न तों. समेपासून तीनदा म्हटला की साती त्रिक एकवीस, म्हणजे बरोबर दोन आवर्तनं संपून शेवटचा 'तों' समेवर. मधे कुठे दम घ्यायची गरज नाही, काही वाढवायची नाही की कापायची नाही. हे मी कापूस निंदताना तोंडानं म्हणत होतो, तर शेजारच्या धुऱ्यावरून विचारणा झाली की तब्येत बरी आहे ना.

राग गुरुजींनी निवडला, बसंत मुखारी. खाली भैरवासारखा कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार, वर भैरवीसारखे कोमल धैवत-निषाद. अरबांकडे रागासारखी हिजाज नावाची सुरावट आहे, तिचे सूर जवळजवळ हेच. मला खरं तर बयाती या दुसऱ्या अरबी सुरावटीचा मोह होता, पण तिचा दुसरा सूर कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मधला, आणि पेटीच्या पट्ट्यांमध्ये मधलं काही नसतं. हिजाजचा रिषभही अरबी गवई किंचित चढा ठेवतात असं कानाला वाटतं, पण तेवढं आम्ही सोडून दिलं. बसंत मुखारी सकाळचा राग, आम्ही वाजवणार रात्री. बुवा म्हणाले, कोजागिरीले जागूनच रायतो आपण, पहाट समजा.

कोजागिरी

दूध उकळत होतं, माणसं साठ-सत्तर. दव पडायला लागलं आणि कातडं उतरू लागलं, तेव्हा मुकी खंजिरी दुधाच्या चुलीजवळ ठेवली. कंजिराचा तुकडा तिच्यावर केला, डाव्या बोटांनी सूर खेचला तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं हसली. तो आवाज बेडकासारखा येतो हे मान्य आहे.

समाईच्या भागात पहिली तिहाई बरोबर पडली. दुसरीत मी सहावी मात्रा दोनदा मोजली आणि 'तों' एक मात्रा उशिरा आला. नातवानं सम सोडली नाही, बुवांनी तान लांबवून मला झाकलं. बहुतेकांना कळलं नाही. वडिलांच्या वयाचे एक आजोबा नंतर जवळ येऊन म्हणाले, "दुसऱ्या खेपेले घसरला होता न?" आणि दूध पिऊन निघून गेले.

बुवांनी एवढंच सांगितलं, की चकत्या अजून हलक्या पायजे, त्यांचा आवाज खालीची जागा भरते.

पुढचं

बोलक्या खंजिरीच्या जाड चकत्या काढून पातळ पितळी पत्र्याच्या करून पाहतो आहे. तांबट म्हणाला, वेचणी संपल्यावर ये. चौथ्या खान्याची तीनाची लय अजून हाताला लावलेली नाही. तिच्यासाठी दादरा धरावा की वेगळं काही, यावर गुरुजींचं आणि माझं जमत नाही. कुणी पातळ चकत्या घरी पाडल्या असतील तर पत्रा किती जाडीचा घेतला ते कळवा.