कमाटीबागेतला आजचा दिवस

आज मावशीला घेऊन कमाटीबागेत गेले होते, काळ्या घोड्याच्या पुतळ्याकडून आत शिरलो आणि दुपार कधी टळली कळलंच नाही. भर बडोद्यात १०० एकरांहून मोठी बाग, सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये लोकांसाठी केलेली! म्युझियममधला निळ्या देवमाशाचा सांगाडा बघून मावशी तर गप्पच झाली.

पण मला खरी ओढ बागेतून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची. पुलावरून खाली बघितलं तर काठावर भलीमोठी मगर, तोंड उघडं टाकून ऊन खात पडलेली. मावशी म्हणाली, "अगं, चिडलीय का ती?" म्हटलं नाही गं, अंग जास्त तापू नये म्हणून त्या असं करतात. ह्या मगरी काठाच्या मातीत बिळं करतात, तिथेच खड्डा करून अंडी घालतात, मग काठ सिमेंटचा केला तर त्यांनी जायचं कुठे? २०२४ च्या पुरात मगरी सोसायट्यांत शिरल्या तेव्हा सगळे घाबरले, मीही, पण नदी आधी त्यांची आहे आणि तिच्यात गटाराचं पाणी आपणच सोडतो, ह्याचा मला मनापासून राग येतो.

पुढच्या रविवारी परत जातेय, कोणाला यायचं असेल तर सकाळी लवकर या, नंतर सेव उसळ खाऊ.