कणकुंबीचा रस्ता आणि गोठलेलं प्रोपोफॉल

चार दिवसांची फेरी होती. कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर, बेळगाव इथवर सगळं सुरळीत. चौथ्या दिवशी कणकुंबीच्या बाजूच्या एका छोट्या दवाखान्यात भुलीची इंजेक्शनं पोचवायची होती, आणि त्या एका दिवसाने दमवून टाकलं.

बेळगावात दोघांनी दोन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या. औषधं देणारा म्हणाला, "सगळी बर्फात टाका, काही होत नाही." गाडीवाला म्हणाला, "सर, रस्ता झकास झालाय, दीड तासात पोचतोय की." दोन्ही खोटं.

जांबोटीपर्यंत ठीक. पुढे मात्र खड्डे, खडी, धुरळा, आणि पहिल्या गिअरवर रखडणाऱ्या ट्रकांची रांग. मला साडेतीन तास लागले. एप्रिलचं ऊन, आईसबॉक्स डिकीत आणि प्रत्येक आदळ्यासरशी आतल्या बाटल्या सरकून डीप फ्रीजरमधून थेट काढलेल्या आईसपॅकला जाऊन चिकटत होत्या. पोचल्यावर पेटीतला तापमान नोंदवणारा लॉगर पाहिला, तर पारा शून्याखाली. प्रोपोफॉल या भुलीच्या इंजेक्शनाच्या दहाही बाटल्या गोठल्या होत्या. वितळल्यावर दुधावर तूप तरंगावं तसे तेलाचे थेंब दिसले. सगळ्या बाद केल्या. थेंब दिसले नसते तरी बादच केल्या असत्या: ते इमल्शन, म्हणजे पाण्यात सोयाबीन तेलाचे बारीक थेंब मिसळलेलं दुधाळ मिश्रण, गोठलं की फुटतं, आणि तेलाचे मोठे थेंब शिरेतून फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत जाऊन अडकू शकतात.

प्रोपोफॉलला बर्फाची गरजच नव्हती. बहुतेक लेबलांवर 4 ते 25 अंश आणि 'गोठवू नका' असं स्पष्ट छापलेलं असतं. मिडाझोलाम, डायझेपाम आणि केटामिन ही गुंगीची औषधं खोलीच्या तापमानाची; त्यांना फक्त उजेडापासून जपायचं, म्हणजे खोक्यातच ठेवायचं. थंडी हवी ती लोराझेपाम या गुंगीच्या औषधाला, 2 ते 8 अंश. उन्हात ते हळूहळू विघटित होतं आणि ॲम्प्युल (काचेची कुपी) पाहून काही कळत नाही. सक्सामेथोनियम गुंगीचं नव्हे, स्नायू सैल करणारं औषध, पण त्याच बॅगेत असतं आणि तेही फ्रीजचंच.

म्हणून दोन पेट्या न्या, एकीत भागणार नाही. आईसपॅक फ्रीजरमधून काढून हलवल्यावर आतलं पाणी वाजेपर्यंत बाहेर ठेवा, मगच भरा, आणि पॅक व औषधांमध्ये पुठ्ठा घाला. बर्फाची नसलेली पेटी डिकीत नको, पायाशी ठेवा. बंद उभ्या गाडीत तर पाच मिनिटंही सोडू नका.

दवाखान्यात सिस्टरांनी लोराझेपाम फ्रीजच्या दारात ठेवलं होतं. दार ही फ्रीजमधली सगळ्यात गरम जागा, शिवाय वीज दिवसातून कैकदा जाते. मधल्या कप्प्यात हलवलं, जवळ थर्मामीटर ठेवला. बाई मनापासून ऐकत होत्या, तेवढंच त्या दिवसाचं समाधान.

गाडीभाडं ठरलं होतं 2,200 रुपये. परतल्यावर थांबण्याचे तासाला 300 प्रमाणे चार तासांचे 1,200 आणि 'घाट भत्ता' 500, एकूण 3,900 घेतले. वेटिंगचा दर निघण्याआधी कागदावर लिहून घ्या.

दवाखान्याचं शिक्क्याचं पत्र आणि बिलं वरच्या खिशात ठेवा. यातली बरीच औषधं 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली येतात, केटामिनसुद्धा, आणि सीमेवर पेटी उघडायला लावली तर तोंडी सांगून भागत नाही. पावसाळ्यात या वाटेने ही औषधं घेऊन जाऊच नका.